पहिल्या वर्षाची चाल

“डावा हात विसरू नको,” विंगेत उभी राहून माझ्या वर्गातली नसरीन कानात कुजबुजली. “सगळा हशा त्या हातावर आहे.”

मी मान हलवली. अंगात खादीचा झब्बा, केसांना टाल्कम पावडर, नाकावर नसरीनच्या अब्बांचा जुना चष्मा. पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं तर पहिल्या रांगेत बरोबर मधोमध देवणीकर सर बसलेले, आणि शेजारी त्यांच्या पत्नी, इंदूकाकू. दोन मिनिटांत मला देवणीकर सर होऊन देवणीकर सरांसमोरच जायचं होतं.

आमच्या नाट्यशास्त्र विभागाची ती जुनी रीत होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना निरोप द्यायचा त्या संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम त्यांचाच असायचा आणि त्याला ‘गुरुदक्षिणा’ म्हणत. ज्या मास्तरांनी दोन वर्षं पिळून काढलं त्यांची नक्कल त्यांच्याच पुढ्यात करायची, आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसून ती गोड मानून घ्यायची. त्या दिवशी कुणी कुणावर रागवायचं नाही. एरवी कॉपी सापडली म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढणारे मास्तरही त्या संध्याकाळी पोट धरून हसायचे.

माझ्यासारख्याला तर ही पर्वणीच. मी व्यंकट मुसळे, उदगीरकडचा. बोलायला लागलो तेव्हापासून मी नकला करतोय असं आमची आई सांगायची. गावचा ग्रामसेवक, लग्नात रुसून बसलेले थोरले जावई, भजनात झोपणारा पेटीवाला, सगळे माझ्या अंगात तयार असायचे. विभागात प्रवेश मिळाला तोही त्यांच्याच जिवावर. मला वाटलं होतं, आता दोन वर्षांत आपला नट झाल्याशिवाय राहत नाही.

देवणीकर सरांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या फुग्याला टाचणी लावली. ते आम्हाला अभिनय शिकवायचे आणि त्यांची एक आवडती कसरत होती. प्रत्येकानं एक नसलेली वस्तू घेऊन दारातून यायचं. सर हात पुढं करून म्हणायचे, “दे इकडे.” वस्तू त्यांच्या हातावर ठेवायची. खरी वाटली तर ते ती वापरायचे. नसरीननं पहिल्या दिवशी तव्यावरची भाकरी आणली, तर सरांनी ती या हातातून त्या हातात झेलली, फुंकर मारली आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. मी चहाचा पेला आणला. पण नुसता पेला आणीन तर मी कसला, मी सोबत अख्खा मामा आणला. धोतराचा सोगा, बशीत चहा ओतणं, फुर्रकन ओढणं, सगळं. वर्ग लोळायला लागला. सरही खळखळून हसले. मग त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडून पेला घेतला, आत डोकावून पाहिलं आणि तो उलटा केला.

“मामा हुबेहूब आहे,” ते म्हणाले. “पेला रिकामा आहे.”

पुढं मी छत्री नेली, मांजराचं पिल्लू नेलं, चुलत्याची काठी नेली. सर हातात घ्यायचे आणि परत द्यायचे. “रिकामं आहे, व्यंकट. हा माणूस कुठून निघालाय आणि कशाला चाललाय, ते तुला ठाऊक नाही. तू नकलाकार पक्का आहेस. नटाचं बघू.” ते ‘बघू’ काटा मोडावा तसं दोन वर्षं माझ्या पायात मोडून राहिलं होतं. अंतिम प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं आणि अंतर्गत परीक्षक तेच होते. आपण नट आहोत की नुसतेच नकलाकार, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला इथून जायचं नव्हतं.

खरं तर सर आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. विभागप्रमुख झाले आणि खुर्ची डोक्यात गेली, असं आम्हा सगळ्यांचं ठाम मत होतं. पहिल्या वर्षी खळखळून हसणारा माणूस आता चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हता. आवाज इतका खाली आणलेला की मागच्या बाकाला ऐकूच येऊ नये. मोठ्या साहेबासारखं बेतानं चालायचं, हाक मारली तर नुसती मान न वळवता सगळं अंग वळवून पाहायचं. मी नक्कल बसवली होती ती या साहेबाची.

पडदा सरकला आणि मी निघालो. पावलं आखूड, जमिनीला घासत. उजवा हात हलतोय, डावा मात्र कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटलेला. मधोमध आल्यावर वळायचं ते एका झटक्यात नाही, जागच्या जागी पाचसहा बारीक पावलं टाकत, मोठं कपाट सरकवावं तसं. मग पापणी न हलवता समोर पाहत राहायचं. मी काही बोललोसुद्धा नव्हतो, तोवर पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मुलं खुर्च्या बडवत होती. मग मी झब्ब्याचं वरचं बटण लावायला घेतलं. लावतोय, लावतोय, लागतच नाहीये. पुढच्या रांगेतल्या मॅडमसुद्धा डोळे पुसायला लागल्या.

सर हसले नाहीत. इंदूकाकू आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी वळलो तेव्हा त्यांचं हसणं थांबलं, पण पदर तिथंच राहिला. कार्यक्रम संपला तसे दोघं उठले आणि भेळेला न थांबता निघून गेले.

“केलंस हात दाखवून अवलक्षण,” नसरीन म्हणाली. हात विसरू नको म्हणणारी हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वसतिगृहाच्या फाटकाशी आली. “सरांनी बोलावलंय. तालमीच्या हॉलमध्ये. एकट्याला.”

“रागात हायेत का?”

“त्यांच्या तोंडावरून काय कळतंय आता? जा, पाय धर. प्रॅक्टिकल त्यांच्याच हातात आहे.”

माझ्या पाचावर धारण बसली. जाताना मनात माफीची वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. हॉलचं दार लोटलं तर आत सर उभे होते आणि कोपऱ्यात खुर्चीवर इंदूकाकू बसल्या होत्या. नवऱ्याचा अपमान झाला म्हणून त्याही आल्या असणार, असं मला वाटलं.

“सर, काल जे झालं—”

“परत कर,” सर म्हणाले.

“सर?”

“कालचं. परत कर. इथून तिथपर्यंत चाल, वळ आणि ये.”

हसायला कुणी नसलं की नक्कल किती उघडी पडते ते मला त्या दिवशी कळलं. मी चाललो. वळलो. परत आलो. सर बघत होते.

“हा डावा हात. तो असा का ठेवलास?”

“तुमचा असाच असतो, सर.”

“लोकांना हसवायला वाढवून घेतलंस ना?”

“थोडं वाढवलं. थोडंच.”

सर भिंतीकडे गेले. आमच्या हॉलच्या एका भिंतीला आरसे होते, पण त्यांच्यावर कायम काळा पडदा ओढलेला असायचा. तो सरांनीच लावून घेतला होता. नटानं आरशात बघून शिकायचं नसतं, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून शिकायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पडदा ओढला. तो एका बाजूला अडकला तेव्हा काकूंनी उठून सोडवला.

“चल माझ्याबरोबर,” सर म्हणाले.

आम्ही दोघं शेजारी शेजारी आरशाकडे चालत निघालो. मी त्यांच्यासारखा आणि ते त्यांच्यासारखे. आरशात दोन देवणीकर सर येत होते. दोघांचीही पावलं आखूड. दोघांचेही डावे हात अंगाला चिकटलेले. सर मध्येच थांबले.

“मी हात हलवत होतो,” ते म्हणाले. “मला वाटत होतं की मी हलवतोय.”

मग काकू म्हणाल्या, “काल तू वळलास ना, तेव्हा माझं हसू गेलं. घरात हे असेच वळतात. रोज बघते मी, पण दिसलं ते काल, तू केल्यावर.”

“हे केव्हापासून आहे?” सरांनी मला विचारलं. त्यांचा आवाज परीक्षकाचा नव्हता.

“आम्ही आलो तेव्हा नव्हतं, सर. पहिल्या वर्षी तुम्ही झपाट्यानं यायचात. फाटकापासून इथवर मेंदीचं कुंपण आहे, त्याचं एक पान डाव्या हातानं तोडायचात. चुरगाळून वास घेत घेत यायचात.”

“अजूनही घेतो की.”

“नाही, सर. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर नाही.”

सरांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची वस्तू आपल्याकडे कशी आली, असं पाहावं तसं. “मी ते सोडलेलं नाही,” ते म्हणाले. “मला कळलंच नाही.”

काकू एकदम बोलायला लागल्या, माझ्यासमोर बोलावं की नाही याचाही विचार न करता. “वर्षभर मला वाटतंय, यांना माझं काही पटेनासं झालंय. जेवण बरं झालंय का विचारावं तर चेहरा असा. भाची लग्नाची पत्रिका घेऊन आली तरी चेहरा असा. मी मनातल्या मनात शोधत बसायची, आपलं काय चुकलं.”

“अगं, मी कुठं रागावलोय?” सर म्हणाले. आणि ते म्हणतानाही त्यांचा चेहरा तसाच होता, म्हणून काकूंना रडू आलं.

मी तिथं माफी मागायला गेलो होतो. बाहेर पडलो तो दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचं कबूल करून.

खांदा दुखतो म्हणून सर सहा-आठ महिने हाडांच्या डॉक्टरांकडे शेक घेत होते, काकू तेल चोळत होत्या. आता आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. सोमाणी, चाळिशीच्या बाई, बोलायला मोजक्या. त्यांनी सरांना अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मूठ उघडमीट करायला लावली, कोपर धरून वाकवून पाहिलं. उजवा हात सांगितलं तसं करत होता. डावा दोनचारदा करून मंद होत जायचा.

“चालण्यात फरक कधीपासून?”

“असेल दोन-तीन महिने,” सर म्हणाले. मग थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ते याला विचारा. हा माझा विद्यार्थी आहे. दोन वर्षं माझ्यावर डोळा ठेवून आहे.”

डॉक्टरांना काय समजलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, “सांगा.”

“सांगता नाही येणार, मॅडम. करून दाखवतो. इथं जागा नाही, बाहेर या.”

बाहेरच्या बोळात दोन्ही बाजूंच्या बाकांवर पेशंट बसले होते. त्यांच्यामधून मी चाललो. “हे पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यातले सर.” परत गेलो. “हे पहिल्या वर्षाच्या परीक्षेतले. हात आहे, पण कमी. बघा, पाऊल अजून चांगलं पडतंय.” परत गेलो. “हे दिवाळीनंतरचे.” मग संक्रांतीचे, आणि शेवटी आताचे. प्रत्येक खेपेला सर थोडे थोडे कमी होत गेले. हे मी दोन वर्षं रोज पाहत होतो आणि मला ते साहेबी थाटाचं वाटत होतं. त्या बोळात पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत माझ्या अंगातून गेलं.

“नाटकवाला हाय का बाबा?” बाकावरच्या एका आजीनं विचारलं.

“शिकायलोय आजी,” मी म्हणालो.

आत आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “इतकं स्पष्ट मला कुणी सांगत नाही.” मग त्यांनी सरांकडे वळून आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. कंपवात म्हणतात तो.

“पण माझा हात कापत नाही,” सर म्हणाले.

“सगळ्यांचा कापत नाही. काहींचा सुरुवातीला नुसता जड होतो. चेहराही तसाच होतो. आत हसू असतं, बाहेर येत नाही. गोळ्या सुरू करू. पुष्कळ फरक पडेल, पण हा कायमचा जाणारा आजार नाही.”

“शिकवता येईल?”

“येईल. बरीच वर्षं.”

“चालून दाखवता येईल?” सरांनी विचारलं. “मी मुलांना चाल शिकवतो. माणूस पायांतून रंगमंचावर येतो असं सांगतो. सांगून भागत नाही, दाखवावं लागतं.”

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद पुढं केला.

येताना आम्ही रिक्षा केली. घर जवळ आलं तेव्हा काकू सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तुम्ही रागावला नव्हता, एवढं कळलं तरी मला पुरे आहे.” मी बाहेर बघत बसलो. मला माझी आई आठवली आणि उगीचच घरी जावंसं वाटलं.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी मला पुन्हा हॉलमध्ये बोलावलं. आरशावरचा पडदा परत ओढलेला होता. सर मधोमध खुर्ची टाकून बसले होते.

“उद्या तुझी परीक्षा मी घेणार नाही,” ते म्हणाले. “बाहेरचे परीक्षक आहेतच, आणि कुलकर्णी मॅडम माझ्या जागी बसतील. तू मला डॉक्टरकडे घेऊन गेलेला माणूस. मी गुण दिले तर लोक काहीही म्हणतील, आणि मलाही खरे देता येणार नाहीत.”

माझं तोंड उतरलं. दोन वर्षं ज्या एका माणसाच्या शब्दासाठी थांबलो, तोच आता उठून चालला होता. मी बरं म्हणालो.

“आज मात्र माझं एक काम कर. पहिल्या वर्षाचा मी दाखव.”

मी लगेच दाराकडे जाऊन चालायला सुरुवात केली. चार पावलं टाकली तोच त्यांनी हात वर केला.

“थांब. हे तू डॉक्टरांना दाखवलंस. तिथं आजार दाखवायचा होता, ते ठीक होतं. मला आजार नको. मला तो माणूस हवाय. कुठून निघालाय, कशाला चाललाय, ते घेऊन ये.”

मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. समोर फाटक दिसत होतं, त्यापलीकडे त्यांच्या घराची कौलं. बराच वेळ मी हाताचा विचार करत होतो, पावलाचा करत होतो. मग तो सोडून दिला. तो माणूस सकाळी घरातून निघतो तेव्हा काय असतं? काकूंच्या हातचा चहा झालेला असतो. काकू दारात असतात, मागून काहीतरी आणायची आठवण करतात, आणि तो ‘हो हो’ म्हणत ते विसरलेलाही असतो. हॉलमध्ये नवी पोरं आलेली असतात, उदगीरची, परभणीची, कुणाला काही येत नाही, आणि त्याला कधी एकदा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहतो असं झालेलं असतं. कुठलं पोर आज काय घेऊन येईल, याची त्याला पोरांपेक्षा जास्त उत्सुकता असते. ती पोरं म्हणजे आम्हीच होतो. आपल्यासाठी कुणी असं झपाट्यानं चालत येत होतं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी निघालो. उशीर झाला नव्हता तरी घाई होती. उजवीकडे मेंदीचं कुंपण होतं की डावीकडे, हे मला आठवावं लागलं नाही. हात आपणहून मोकळ्या हवेत गेला. पान तुटलं. बोटांनी ते चुरगाळलं, नाकाशी नेलं, आणि मला तो हिरवा, कडवट वास खरोखर आला. मी तसाच आत आलो, खुर्चीपर्यंत.

खुर्चीत सर बसले होते. ते माझ्याकडे बघत होते. चेहरा तसाच होता, डोळे तेवढे भरले होते.

“दे इकडे,” ते म्हणाले.

त्यांनी डावा हात पुढं केला. त्याला वेळ लागला. तो मांडीवरून उठला, मध्ये थांबला, मग पुढं आला आणि हळूहळू उघडला. मदत करावी म्हणून माझा हात पुढं जात होता, तो मी आवरला. चुरगाळलेलं पान मी त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

सरांनी मूठ मिटली. ती नाकाशी नेली. हॉलमध्ये पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. सरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

“ताजं आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी तो हात सावकाश खाली आणला, झब्ब्याचा खिसा चाचपडून शोधला, आणि ते पान जपून आत ठेवलं.